नारळ

फुटबॉल मला कळतो असा दावा मी कधी केलेला नाही. पण कळत नाही अशी कबुलीही कुठे दिलेली नाही. पुढचं सगळं रामायण या मधल्या जागेत घडलं.

आम्ही दिंडोशीकर. मृणालताई गोरे यांच्या नागरी निवारा परिषदेने उभ्या केलेल्या वसाहतीत राहतो. मागे चित्रनगरी, तिच्या पलीकडे रान. सोसायटीच्या ग्रुपवर बारा महिने दोनच विषय चालतात, बिबट्या आणि पाण्याचा दाब. अशा ठिकाणी फुटबॉल शिरला तो मेट्रोतून. २०२३ च्या जानेवारीत आमची लाल मेट्रो पार गुंदवलीपर्यंत धावू लागली आणि मे महिन्यापासून पासष्टी ओलांडलेल्यांना तिकिटात पंचवीस टक्के सवलत मिळाली. सवलत आहे म्हटल्यावर कुठेतरी जायलाच हवं. दिंडोशीला बसावं, गुंदवलीला उतरावं, पूल ओलांडून घाटकोपर-वर्सोव्याची मेट्रो धरावी आणि आझादनगरला बाहेर पडावं. तिथून चार पावलांवर अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे मुंबई सिटी एफसीच्या सामन्याचं एक तिकीट जास्तीचं होतं, कारण त्याच्या मित्राला ऐनवेळी कांजिण्या झाल्या होत्या. त्या कांजिण्यांचे व्रण माझ्या अंगावर अजून आहेत.

आटोपशीर मैदान. एका बाजूला वेस्ट ब्लॉक ब्लूज म्हणवणारी पोरं सामना संपेपर्यंत उभी राहून ओरडत होती, ढोल बडवत होती. पहिला गोल झाला तेव्हा मी वडापावच्या पुडीतली चटणी शोधत होतो. गोल दिसला नाही, पण शेजारच्या अनोळखी पोराने मला कडकडून मिठी मारली. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, गोरेगाव-चर्चगेट लोकलमध्ये रोज शेकडो माणसं अंगावर पडली, पण मिठी कुणी मारली नव्हती. त्या क्षणापासून मी मुंबई सिटीचा.

दुसऱ्याच दिवशी मालाड स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून आकाशी जर्सी आणली. विक्रेता चारशे म्हणाला, मी अडीचशेत मिळवली. ‘‘ओरिजनल आहे ना?’’ विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘काका, ओरिजनलपेक्षा भारी आहे.’’ यात खोटं काहीच नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

मग अभ्यास सुरू केला. निवृत्त माणसाच्या हाती वेळ आणि इंटरनेट दोन्ही पडलं की तो तज्ज्ञ होतो. क्लब २०१४ चा. पहिल्या हंगामात घर नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आणि संघात साक्षात निकोला आनेल्का, फ्रान्सचा. पुढच्या वर्षी तोच खेळाडू आणि तोच प्रशिक्षक, म्हणजे आमच्या सोसायटीत सेक्रेटरीच खजिनदार असतो तसं. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबईतला पासष्ट टक्के हिस्सा घेतला. पुढच्या सप्टेंबरात त्याच ग्रुपने फ्रान्समधला एक क्लब घेतला. त्या गावाचं नाव मी स्पेलिंगबरहुकूम ‘ट्रॉयेस’ असं वाचलं आणि तिथेच पाय घसरला.

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कुणीतरी व्याख्यान देतं. मधुमेह, मृत्युपत्र, मधुमेह असा क्रम असतो. मी ‘आपला फ्रेंच भाऊबंद’ हा विषय घेतला. वजन यावं म्हणून सुरुवात लाकडी घोड्यापासून केली. हेलन, दहा वर्षांचा वेढा, घोड्याच्या पोटातले सैनिक, आणि त्या शूरांचे वंशज आज फुटबॉल कसा खेळतात, असा पाऊण तास बोललो. टाळ्या पडल्या. मग भूगोलाच्या एका निवृत्त बाईंनी माईक मागून घेतला. ते घोड्याचं ट्रॉय तुर्कस्तानात आणि हे गाव फ्रान्समध्ये, दोन्हींत फक्त पहिली चार अक्षरं सारखी, एवढंच सांगून त्यांनी माईक परत दिला.

घरी आल्यावर मी हिला समजावलं, ‘‘अगं, घोडा गेला तरी नातं राहतंच. दोघांचे मालक एक, म्हणजे सिस्टर क्लब. सख्ख्या बहिणी.’’

ही मटार सोलत होती. ‘‘बहिणी कसल्या अहो? दोघींचे आईबाप वेगळे, गावं वेगळी. दिल्या तेवढ्या एका घरात. त्या जावा.’’

मी आजवर फुटबॉलच्या व्यवसायावर बरंच वाचलंय, पण इतका नेमका शब्द कुठे सापडला नाही. मँचेस्टर म्हणजे सासूबाई. सगळं लक्ष, सगळे दागिने तिथे. मुंबई या घरात दहा महिने आधी आलेली, म्हणून थोरली जाऊ. ट्रॉयेस वयाने मोठी, पण मानाने धाकटी. आणि मी थोरल्या जावेच्या माहेरचा माणूस.

अशात २०२४ मध्ये आम्ही दोघं फ्रान्सला गेलो. माझा भाचा पॅरिसच्या उपनगरात राहतो, संगणकातलं काहीतरी करतो. आयफेल टॉवर झाला, तो लुव्र झाला, पाय सुजले. तेव्हा मी जाहीर केलं की शनिवारी दुपारी ट्रॉयेसचा घरच्या मैदानावर सामना आहे आणि आपण जातोय.

‘‘मामा, ट्रॉयेस नाही,’’ भाचा म्हणाला. ‘‘त्र्वा.’’

‘‘मग उरलेली अक्षरं?’’

‘‘ती गिळायची.’’

मी दोन दिवस त्र्वा त्र्वा करत घरभर फिरलो. ही म्हणाली, कावळा शिरल्यासारखं वाटतंय.

जावेच्या माहेरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जाता येत नाही. भाकरवडीचं एक पाकीट बॅगेत शिल्लक होतं, पण मानाचा नारळ नको? पॅरिसमध्ये तो मिळतो ला शापेलला. गार दु नोर स्टेशनच्या मागे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती आहे, तिथे गणपतीचं देऊळ आहे. दर वर्षी गणेशचतुर्थीच्या सुमारास रथ निघतो आणि भर पॅरिसच्या रस्त्यावर नारळांच्या राशी फोडतात. मी दुकानात शिरून आठ-दहा नारळ कानाशी हलवून, नखाने टिचकी मारून एक चांगला पाणीदार निवडला. हिने वर दोन रामफळं घेऊ का विचारलं, तो विषय मी मिटवला.

तिथून गार द लेस्त पायी जाण्याइतकं जवळ. त्र्वाची गाडी तिथूनच सुटते. तिकिटं फोनवर काढतो असं भाचा कानीकपाळी ओरडत होता, पण मी म्हटलं, आपल्याला आता उच्चार येतो. खिडकीवर गेलो, कमरेत किंचित वाकून ‘‘बोंझूर’’ म्हटलं आणि जपून ठेवलेला शब्द काढला.

‘‘त्र्वा.’’

बाईंनी तीन बोटं दाखवली. ‘‘त्र्वा?’’

परक्या भाषेतलं पहिलं वाक्य पहिल्याच फटक्यात समोरच्याला कळलं की काय आनंद होतो! बोटांकडे माझं लक्षच नव्हतं. मी जोरात मान हलवली. ‘‘त्र्वा!’’

मग त्यांनी काहीतरी विचारलं. त्याचा अर्थ ‘कुठली?’ असणार हे चेहऱ्यावरून उघड होतं.

‘‘त्र्वा,’’ मी म्हणालो.

‘‘उई, त्र्वा.’’ पुन्हा तीन बोटं, पुन्हा तोच प्रश्न, या वेळी सावकाश.

‘‘त्र्वा,’’ मीही सावकाश म्हणालो.

मागे रांग वाढत होती. रांगेतून कुणीतरी ‘‘त्र्वा’’ म्हणालं, बहुधा माझ्याकडून. शेवटी मी दुकानाच्या पावतीमागे स्पेलिंग लिहून काचेला टेकवलं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीतले गृहस्थही बघायला आले. त्यांनी तिकिटं सरकवली. तीन. फ्रेंचमध्ये तीनला ‘त्र्वा’च म्हणतात, गावाचा आणि आकड्याचा उच्चार एकच, हे कळायला मला फोन लावावा लागला.

‘‘मामा, आता तिसरं तिकीट वाया कशाला घालवायचं?’’ असं म्हणत भाचा आला. तो आला नसता तर मी आज हे लिहायला घरी असतो की नाही, शंका आहे.

गाडीला दीड तास लागतो. तेवढ्यात मी त्र्वाचा समग्र इतिहास सांगून टाकला. योगायोग बघा, आज त्र्वात आहे तो त्या गावातला तिसरा व्यावसायिक क्लब. पहिल्याचं मूळ १९०० सालचं. १९५६ मध्ये तो फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि सेदाँकडून ३-१ असा हरला. मग तो मावळला. दुसरा आला, त्याचा गाशा १९७९ मध्ये गुंडाळला. हा तिसरा १९८६ चा. भाचा खिडकीबाहेर बघत होता. मी आवाज चढवला. २००१ मध्ये इंटरटोटो चषकाची अंतिम फेरी, समोर इंग्लंडचा न्यूकॅसल. त्र्वात ०-०, न्यूकॅसलच्या मैदानावर ४-४. बरोबरीच की! पण तेव्हा परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरत, म्हणून चषक त्र्वाला. सासरी केलेलं काम माहेरच्या कामापेक्षा जास्त धरतात तसंच हे, असं मी हिच्यासाठी सोपं करून सांगितलं. ‘‘कुठे धरतात?’’ असं ती म्हणाली आणि विचारलं, ‘‘मोजे कुठे मिळतात?’’

तिचा प्रश्न माझ्या इतिहासापेक्षा इतिहासाला धरून होता. त्र्वा हे मुळात मोज्यांचं गाव. मोजे, बनियन, टोप्या, लंगोट, अंगाला घट्ट बसणारं जे जे विणून होतं ते सगळं इथल्या गिरण्यांत विणलं जायचं. लहान मुलांच्या कपड्यांचं पतीत बातो १८९३ पासून इथलंच. मगरीचं चित्र असलेला तो टी-शर्टही याच गावच्या आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याने टेनिसपटू रने लाकोस्तबरोबर १९३३ मध्ये बाजारात आणला. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या, कामगार पांगले, आणि आता कारखान्याच्या भावात माल विकणाऱ्या दुकानांसाठी लोक पॅरिसहून गाड्या भरून येतात. हे वाचताना मला नवीन काही वाटलं नव्हतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. १९८२ चा संप झाला, गिरणी परत नीट चालली नाही. तिच्या जागी आता मॉल आहे. मी एकदा तिथे शर्ट बघायला गेलो होतो. किंमत बघून वडिलांना सांगितली नाही.

त्र्वाला उतरलो. जुन्या गावाचा नकाशा शँपेनच्या बुचासारखा दिसतो असं म्हणतात. आम्ही बुचाच्या टोकाकडून शिरलो. १५२४ च्या आगीनंतर बांधलेली लाकडी चौकटींची घरं, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकलेली. ‘मांजरांची गल्ली’ म्हणून एक बोळ आहे, तिथे वरचे मजले इतके पुढे आलेत की मांजर या माळ्यावरून त्या माळ्यावर उडी मारतं. ही म्हणाली, एवढ्या लांब येऊन शेवटी चाळच बघायची होती होय! मग भाच्याने तिला दुकानांच्या बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी स्टेशनवर भेटायचं ठरलं.

आम्ही दोघं स्ताद द लोबच्या दारात. वीस हजारांच्या आसपास मावतील असं मैदान. माझा वेष असा: आत थर्मल, त्यावर हिने विणलेला स्वेटर, त्यावर मुंबई सिटीची आकाशी जर्सी. स्वेटरच्या जाडीमुळे जर्सी अशी ताणली होती की मी अभ्रा चढवलेल्या लोडासारखा दिसत होतो. हातात कापडी पिशवी, तीत नारळ आणि भाकरवडी. भाचा तेवढ्यात सँडविच आणायला गेला. वेळ अशीच साधतात माणसं.

दारावरच्या तरुणाने पिशवी उघडायला सांगितलं. भाकरवडीचा वास घेऊन बाजूला ठेवली. मग नारळ बाहेर काढला. दोन्ही हातांत धरून फिरवला. शेंडीला हात लावला. माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, ‘‘गिफ्ट.’’

तो थांबून राहिला.

मी म्हटलं, ‘‘कोकोनट. फॉर गॉड.’’

त्याने भुवया उंचावल्या. मला वाटलं, याला नारळाचं काय करतात ते ठाऊक नसावं. म्हणून मी मूकाभिनय केला. नारळ त्याच्याकडून घेतला, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, डोळे मिटून नमस्कार केल्यासारखं केलं आणि समोरच्या फरशीवर आपटल्याची दणकट ॲक्शन केली. वर तोंडाने ‘‘फट्ट!’’ असंही म्हणालो. डोळे उघडले तर समोर एकाऐवजी चार जण उभे होते.

माझा अभ्यास कुठे उणा पडला ते तेव्हा उघडं झालं. त्र्वाचा मैदानावरचा इतिहास मी २०१६ पर्यंतच वाचला होता. पुढची पानं भाच्याने धावत येऊन, एका हातात सँडविच धरून, दारातच सांगितली. २०२३ मध्ये त्र्वा पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही घसरत होता, पण बोर्दोचा क्लब कर्जात बुडून खाली ढकलला गेला म्हणून वाचला. त्याच वर्षी मे महिन्यात इथेच, चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानावर पेटते फ्लेअर फेकले होते, काही खेळाडूंनी ते उचलून परत प्रेक्षकांत फेकले होते आणि सामना सोडून द्यावा लागला होता. ‘‘आणि मामा, तुम्ही इथे उभं राहून, मालकांच्याच रंगाचे कपडे घालून, दगडासारखी वस्तू डोक्यावरून कशी फेकतात ते दाखवताय.’’

भाच्याने फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं. त्यात ‘गणेश’ दोनदा आलं. मुख्य दिसणाऱ्या गृहस्थांनी नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर. सीलबंद भांड्यात द्रव नेता येत नाही. भाचा म्हणाला, हे भांडं नाही, फळ आहे. ते म्हणाले, फळ असेल तर कापून दाखवा. भाचा म्हणाला, कापत नाहीत, आपटतात. इथे मी पुन्हा हात वर करणार होतो, त्याने तो धरला.

पण माणसं सभ्य. नारळ त्यांनी फेकून दिला नाही. सामानघरात, छत्र्यांच्या आणि एका लहान मुलाच्या स्कूटरच्या शेजारी फळीवर ठेवला. मला नंबरचा प्लास्टिकचा बिल्ला दिला. भाकरवडी आत जाऊ दिली.

आमच्या जागेच्या शेजारी निळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. पंच्याहत्तरीचे असावेत. त्यांनी माझ्या जर्सीकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. मागच्या रांगेतही कुजबुज झाली. जावेच्या माहेरी आपलं स्वागत गार झालंय हे ओळखून मी जिव्हाळा दाखवायचं ठरवलं. यांच्या इतिहासातला सोन्याचा दिवस आपल्याला पाठ आहे हे कळलं की पाघळतील. न्यूकॅसल, ४-४! फ्रेंच येत नाही, पण बोटं सगळीकडे सारखीच. मी दोन्ही हात वर केले, दोन्हींची चार-चार बोटं ताठ केली. थंडी कडाक्याची, हातमोजे लोकरीचे, एक अंगठा काही केल्या आत वळेना. ‘‘ओ!’’ असा मनापासून उद्गारही काढला.

आजोबांनी बोटं मोजली. चार आणि पाच. नऊ. नऊ आणि ओ.

आता २०१६ च्या मार्चमध्ये याच मैदानावर पॅरिस सँ जर्मांने त्र्वाला ९-० असं धुतलं होतं, एकट्या इब्राहिमोविचने चार गोल केले होते आणि पॅरिसने आठ सामने राखून विजेतेपद इथेच खिशात घातलं होतं. ही गोष्ट मला माहीत होती. मी गाडीत सांगितली नव्हती इतकंच, पाहुण्याच्या घरच्या मयताचा विषय आपण होऊन काढू नये म्हणून.

भाच्याने सँडविच खाली ठेवलं आणि पुन्हा बोलायला लागला. ‘‘न्यूकॅसल, न्यूकॅसल’’ एवढं मला कळत होतं. आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. ते स्वतःशीच काहीतरी बोलले. भाचा म्हणाला, ‘‘ते म्हणतायत, त्या रात्री बायकोने रेडिओ बंद कर म्हणून तीनदा सांगितलं होतं.’’

मग त्यांनी माझ्या जर्सीकडे हात नेला. मला वाटलं, आता क्लबच्या चिन्हावर बोट ठेवून जाब विचारणार. पण त्यांनी चिन्ह बघितलंच नाही. त्यांनी खालची कड उलटी केली, कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळलं, सोडलं, पुन्हा चोळलं. डोळे मैदानाकडे, लक्ष बोटांत. वडील दिवाळीला दुकानात कापड बघायचे ते असंच. दुकानदार भाव सांगत असे आणि वडील पोत ऐकत असत. चष्मा वर सरकवून आजोबांनी शिवण डोळ्यांपाशी नेली, त्यामुळे मीही त्यांच्या मांडीवर अर्धा ओढला गेलो. नखाने एक टाका उचलला. तो सरळ बगलेपर्यंत उसवत गेला.

ते भाच्याला काहीतरी म्हणाले. भाच्याने भाषांतर करताना माझ्याकडे बघायचं टाळलं. ‘‘ते सदतीस वर्षं होजिअरीत होते. म्हणतायत, कापड स्वस्तातलं, धागा कच्चा, शिवण नुसती ओव्हरलॉकची आणि गळ्याला आतून पट्टी नाही. हे कंपनीचं असूच शकत नाही.’’

‘‘ओरिजनलपेक्षा भारी आहे,’’ मी क्षीण आवाजात म्हणालो.

आता मागच्या रांगेतली दोन पोरंही वाकून बघू लागली. त्यांतल्या एकाने माझ्या छातीवर बोट ठेवून वाचलं आणि फिस्सकन हसला. मीही मान वाकवून, उलट्या बाजूने, पहिल्यांदाच नीट वाचलं. ‘सिटी’च्या स्पेलिंगमधल्या टी आणि आय यांनी जागा बदलल्या होत्या. हा मजकूर छातीवर घेऊन मी दीड वर्ष गोरेगाव, अंधेरी आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा हिंडलो होतो.

आजोबांनी विचारलं, कुठून घेतलं? फुटपाथवरून. केवढ्याला? भाच्याने हिशोब केला, तीन युरोच्या आतबाहेर. म्हणजे यातला एक सेंटही मालकांना गेलेला नाही?

‘‘नाही,’’ मी म्हणालो. पहिल्यांदाच मला प्रश्न भाषांतराआधी कळला.

मागच्या पोराने माझ्या खांद्यावर थाप मारली. आजोबांनी मफलर सोडून तो माझ्या छातीवरून, नेमका त्या स्पेलिंगवरून, असा काही गुंडाळला की आकाशी रंग पार झाकला गेला. मी भाकरवडीचं पाकीट फोडलं. एक भाकरवडी खाऊन आजोबांनी पाण्याची बाटली मागितली आणि मग दुसरी उचलली. बदल्यात भाच्याने आणलेलं सँडविच माझ्या हाती आलं. त्यात आंदुइएत होती, त्र्वाची खासियत, डुकराच्या आतड्यांची सॉसेज. भाचा म्हणाला, मामा, जपून. मी म्हटलं, वजडीवर वाढलेला माणूस आहे मी. पहिल्या घासाला वजडी आठवली. दुसऱ्या घासाला वजडी धुवायला बसलेली आजी आठवली. तिसरा घास मी आजोबांच्या समाधानासाठी खाल्ला.

सामना? झाला. समोरचा संघ कुठला होता हे मला शेवटपर्यंत नीट लागलं नाही. त्र्वाची पोरं निळ्यात पळत होती. एकदा सगळे उठले म्हणून मी उठलो आणि आजोबांनी मला मिठी मारली. मी त्या वेळी दातातलं आंदुइएत काढत होतो. म्हणजे हाही गोल माझा हुकला. पण मिठी चुकली नाही.

सुटल्यावर धावपळ. गाडीला पाऊण तास आणि स्टेशन लांब. मफलर परत द्यायला गेलो तर आजोबांनी हातानेच नको म्हटलं. उसवलेल्या बगलेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. भाचा म्हणाला, ‘‘घरी गेल्यावर आधी ते शिवा म्हणतायत, नाहीतर आणखी जाईल.’’ स्टेशनवर ही दोन फुगलेल्या पिशव्यांसह उभी. नातीसाठी पतीत बातोचे दोन झबल्यांचे संच आणि बावीस जोड मोजे. ‘‘कारखान्याच्या भावात,’’ ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून, ‘‘नारळ दिलात?’’

मी खिशात हात घातला. बिल्ला हाताला लागला. तेवढ्यात गाडीचे दरवाजे बंद झाले.

तो बिल्ला आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला होता, वर्षभर. आल्यागेल्याला मी सांगायचो, त्र्वाला आपली ठेव आहे. रात्री-अपरात्री उठून त्र्वाचा निकाल बघायची सवय लागली. मुंबई सिटी हरली तर चुटपुट लागते, त्र्वा हरला तर आजोबा घरी कसे गेले असतील याचा विचार येतो. जर्सी हिने बगलेत शिवून दिली. स्पेलिंगला तिने हात लावला नाही.

मग २०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली. सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं, क्लब पुन्हा मूळ मालकांकडे. मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती नातीला पायमोजे चढवत होती. ‘‘म्हणजे थोरली आली परत माहेरी,’’ ती म्हणाली. ‘‘धाकटी?’’

‘‘ती अजून त्याच घरात.’’

संध्याकाळी लिफ्टमध्ये भूगोलाच्या बाई भेटल्या. बातमी त्यांनीही वाचली होती. तळमजला येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दार उघडल्यावर, पिशवी सावरत म्हणाल्या, ‘‘तुम्ही नारळ घेऊन एवढ्या लांब गेलात, आणि दिला त्यांनीच!’’

मी वर येऊन भाच्याला फोन लावला. म्हटलं, आता नात्याचा संबंध उरला नाही, तेव्हा मानपान परत घेतलेला बरा. बिल्ला माझ्याकडे आहे, नंबरही शाबूत आहे. एखाद्या शनिवारी जाऊन येशील का?

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘वर्ष उलटलं. त्याला आता कोंब आला असेल.’’

हिने माझ्या हातून फोन घेतला. ‘‘जाणार असशील तर मोजे आण रे. मोठ्यांचे.’’

‘‘किती मामी?’’

‘‘त्र्वा,’’ ही म्हणाली.